आधी पाडून बघते

आमच्या सरकारी दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डात एक आया आहे. तिला सगळे क्रेन म्हणतात. डॉक्टर म्हणतात, झाडूवाले म्हणतात आणि ज्यांना ती पलंगावरून उचलून खुर्चीत बसवते ते पेशंटही जरा बरे झाले की म्हणायला लागतात. उंचीला माझ्या खांद्याएवढी, पन्नाशीला टेकलेली, अंगावर मूठभर मांस. आणि ही बाई अंग टाकून दिलेला आडदांड गडी अशी काही उठवते, की त्याला वाटावं आपणच उठलो.

आमची ओळख भांडणातून झाली. वॉर्डातले पंखे बंद होते, म्हणून मी पेशंटच्या नातेवाइकांना घेऊन दारातच ठाण मांडलं होतं. ही बाहेर आली आणि मलाच म्हणाली, "घोषणा फाटकावर जाऊन द्या. इथे माणसं झोपलीत." राग माझ्या नाकावरच असतो, मी तिला नाही नाही ते बोलले. ती ऐकून घेऊन आत गेली. ड्यूटी संपल्यावर फाटकावर आली, माझ्या शेजारी बसली आणि माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात घोषणा द्यायला लागली. त्या दिवसापासून ती मला पुढारीण म्हणते.

शहर संपतं तिथे डोंगर पोखरून दगडाची खाण केली आहे आणि खाणीच्या वरच्या अंगाला कामगारांची वस्ती आहे. क्रेनचा थोरला भाऊ तिथे एकटा राहतो. उभा जन्म त्याने खाणीत काढला आणि दगडाची धूळ त्याच्या छातीत जाऊन बसली. आता नाकाला नळी आणि उशाशी ऑक्सिजनचं सिलिंडर. बहिणीकडे यायला तो तयार नाही. तिची खोली जिन्यावर आहे आणि दोन पायऱ्या चढल्या की त्याचे डोळे पांढरे होतात. म्हणून दिवसाआड भरलेलं सिलिंडर वर जायचं, रिकामं खाली यायचं. ते बसने जायचं, कंडक्टरच्या पायाशी, क्रेनच्या मांडीला टेकून.

ती बस बंद झाली. म्हणे, प्रवासी नाहीत. मी डेपोवर मोर्चा नेला, साहेबाच्या दारात बसले, निवेदनं दिली. साहेब बदलले, त्यांच्या केबिनचा पडदा बदलला, बस काही आली नाही. तोवर सिलिंडर मिळेल त्या वाहनाने वर जात होतं. कधी खडीचा डंपर, कधी पाण्याचा टँकर. एकदा काहीच मिळालं नाही. क्रेनने सिलिंडर पाठीवर बांधलं आणि चढ चढली. पोचली तेव्हा जुनं सिलिंडर संपलेलं होतं आणि भावाचे ओठ निळे पडले होते. वाचला. पण ते ओठ तिने पाहिले होते.

मला हे तिने नंतर सांगितलं, तेही गाडी चालवायला शिकून झाल्यावर. वॉर्डबॉयची मोटारसायकल घेऊन ती दवाखान्याच्या मागच्या पटांगणात गोल गोल फिरत होती आणि मला पत्ता नव्हता. लायसन्स हातात पडल्यावर घरी आली.

"ए पुढारीण, उद्या मोकळी आहेस का? मोटारसायकल घ्यायचीय. जुनी. तू भांडायला चल."

माझा पारा चढला. "तू गाडी घेतलीस की ते काय म्हणतील कळतंय का? म्हणतील, बघा, लोकांनी आपापली सोय केली, आता बस कशाला! माझ्या सगळ्या लढ्यावर पाणी."

"म्हणू देत. तू भांड त्यांच्याशी, मीही येते. पण दादाला काय सांगू? पुढारीण निवेदन देऊन येईपर्यंत श्वास धरून ठेव?"

हार मानायची मला सवय नाही. त्यामुळे लगेच विचारलं, "मग स्कूटर घे ना साधी."

"नेऊन बघितली एकीची. बारीक चाकं खडीवर नाचतात. आणि छोटी गाडी सिलिंडर घेऊन चढाला धापा टाकते. घरात धापा टाकणारा एक आहे, तेवढा पुरे. फार मोठी मला झेपायची नाही. मधली बघू."

जुन्या गाड्यांची दुकानं एका ओळीत आहेत. पहिल्याच दुकानदाराने खुर्च्या पुसल्या, चहा मागवला आणि लालभडक गाडीवर हात ठेवून म्हणाला, "ताई, एकाच मालकाची. मोठे साहेब होते. फक्त रविवारी काढायचे, तेही हवा खायला."

गाड्यांतलं मला ओ की ठो कळत नाही, पण विकणारी माणसं कळतात. मी इंजिनाला हात लावला. चटका बसला.

"आज रविवार आहे का हो?"

"नाही, ते… आत्ताच जरा फिरवून आणली."

"गार असताना लवकर चालू होत नाही, म्हणून आम्ही यायच्या आधी तापवून ठेवलीत. होऊ दे गार. आम्ही बसतो. चहा आणखी सांगा."

मी खूश होऊन क्रेनकडे पाहिलं. तिचं लक्षच नव्हतं. नवा पेशंट आला की पलंगाभोवती फिरते तशी ती गाडीभोवती फिरत होती. कुठे हात घालता येईल, भार कुठे आहे, ते पाहत. मग म्हणाली, "ही आडवी करून बघू का?"

"आडवी म्हणजे?"

"जमिनीवर. पाडून."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. एवढ्या वेळात आमचं पहिल्यांदा एकमत झालं होतं.

"बाई, लोक गाडी चालवून बघतात!"

"चालवीन की. पण मी नवीन आहे, पडणार तर आहेच. खाणीच्या वळणावर खडी सांडलेली असते, तिथे भलेभले आडवे होतात. तिथे हाक मारली तर ऐकायला कोणी नसतं. मला एकटीला उचलता आली तरच ती माझी गाडी. चालवायचं काय, चालवीन कुठलीही."

आयुष्यभर मी लोकांना सांगत आले, पडू नका, वाकू नका, ताठ उभे राहा. टाळ्या पडतात. ही बाई पडण्यापासून सुरुवात करत होती आणि तिच्या आवाजात भीतीचा लवलेश नव्हता. उद्या भाजी कुठली करायची तेवढ्या साधेपणाने बोलत होती.

दुकानदाराने आम्हाला जवळजवळ ढकलून बाहेर काढलं. चहा तेवढा झाला होता.

पुढच्या दुकानात हसले. त्याच्या पुढच्या दुकानात एकजण म्हणाला, "खाली गादी अंथरू का, मावशी?" क्रेन म्हणाली, "अंथरा की. तुमच्याच गाडीला बरं." तो चिडला. एकाने मात्र गंमत म्हणून होकार दिला. लांबून फटफट ऐकू येणारी, लोखंडाचा ढीग असलेली गाडी होती ती. दोघांनी धरून आडवी केली. क्रेन तिच्याकडे पाठ करून बसली, जोर लावला, मानेच्या शिरा टरारल्या. गाडी वीतभर उठली आणि परत निजली. बघ्यांनी शिट्ट्या मारल्या. मी त्यांच्या अंगावर धावून जाणार, तोच क्रेनने माझा हात धरला, गाडीच्या सीटवर थोपटलं आणि म्हणाली, "तू नाहीस गं." पेशंटला दुसऱ्या वॉर्डात पाठवताना बोलते तसं.

ओळीच्या शेवटी एक गॅरेज होतं. मिस्त्री बुटका, चष्म्याची काडी तारेने बांधलेली, कमी बोलणारा. कोपऱ्यात एक गाडी उभी होती. मध्यम ताकदीची, रंग उडालेला, दोन्ही बाजूंना ओरखडेच ओरखडे, पायांपुढचा लोखंडी गार्ड वाकून सरळ केलेला.

"हिला काय झालं?" मी विचारलं.

"शिकवायच्या क्लासची आहे. पोरंपोरी शिकली हिच्यावर. क्लच प्लेटा जाळून टाकल्या होत्या, त्या मी नव्या घातल्या. इंजिन चांगलं आहे. दिसायला अशी, म्हणून कोणी घेत नाही."

मी इंजिनाला हात लावला. गार. त्याने बटण दाबलं, गाडी जरा खोकली आणि चालू झाली. मागून धूर नाही. त्याने बंद केली.

"पाडून बघते," क्रेन म्हणाली.

मी भांडायला पदर खोचला. पण मिस्त्रीने नुसती मान हलवली, पेट्रोलचा कॉक बंद केला, जमिनीवर पोतं टाकलं आणि म्हणाला, "पाडा. हिला सवय आहे."

गाडी डाव्या कुशीवर झोपवली. गार्डमुळे ती सपाट पडत नव्हती, जराशी अधांतरी राहत होती. क्रेनने हँडल जमिनीकडे पूर्ण वळवलं. गाडीकडे पाठ केली, सीटला कंबर टेकून उकिडवी बसली, एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला. डोळे मिटले. मग ती उचलायला लागली असं म्हणता येणार नाही, ती उभी राहायला लागली. पाठ सरळ, जोर सगळा मांड्यांत, बारीक बारीक पावलं मागे. आणि ते धूड तिच्यामागे, तिच्यासोबत, उठून उभं राहिलं. मी वॉर्डात हे कितीदा पाहिलं असेल, पण माणूस उठायला मदत करतो, निदान करायची इच्छा तरी धरतो. लोखंड काही करत नाही. गॅरेजमधला पाना वाजायचा थांबला.

"आता उजवीकडून," ती म्हणाली. चेहरा फुलला होता.

उजवीकडून तर ती आणखी झोकात उठली. इतकी, की उठून थांबलीच नाही, पलीकडे धाडकन कोसळली. आरसा फुटला.

मिस्त्रीने वाकून काचा गोळा केल्या. मग म्हणाला, "स्टँड."

"काय?"

"उजव्या कुशीवर पडली की उचलायच्या आधी डावीकडचा स्टँड बाहेर काढायचा. म्हणजे पलीकडे गेली तर टेकते. तुम्ही एवढ्या जोरात उचलता की पलीकडे निजवता."

क्रेनने कपाळावर हात मारला. "अगं बाई! पेशंटला कुशीवर वळवताना मी पलीकडे आधी उशी लावते. इथे कशी विसरले?"

"हां. उशी," मिस्त्री म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

पुन्हा पाडली. स्टँड काढला, उचलली, गाडी स्टँडवर हलकेच टेकली. भाव करायची माझी सगळी हौस राहून गेली. त्याने वाजवी आकडा सांगितला, वर आरसा नवीन लावून दिला. क्रेनने ओरखड्यांवरून बोट फिरवलं. "किती जण पडलेत हिच्यावरून. आणि सगळे शिकून गेले."

पहिल्या फेरीला मी येणार म्हटलं तर म्हणाली, "मागची सीट सिलिंडरची आहे." मग मी डंपरवाल्याला गाठून पुढे गेले आणि खाणीच्या वळणावर उतरून एका दगडावर बसले. वर वस्तीत तिचा भाऊ होता आणि उशाशी तळाला गेलेलं सिलिंडर. खाली धुळीच्या ढगातून गाडीचा आवाज येत होता.

ती आली. डोक्यावर हेल्मेट, पायात भावाचे खाणीतले बूट, बोटांशी चिंध्या कोंबलेले. मागे सिलिंडर, चादरीच्या पट्ट्यांनी आवळून बांधलेलं. वळणावर तिने मला पाहिलं, आणि मला वाटतं तेच चुकलं. पुढचं चाक खडीत घुसलं, हँडल डगमगलं आणि गाडी अगदी सावकाश, थकलेल्या जनावरासारखी, उजव्या कुशीवर बसली. क्रेन बाजूला फेकली गेली.

मी धावले. ती तोवर उठलीसुद्धा होती.

"लांब राहा!"

तिने इंजिन बंद केलं. पेट्रोलचा कॉक बंद केला. मग सिलिंडर सोडवलं, तोंडाशी कान नेऊन फुसफुस येते का ऐकलं, अलगद कडेला निजवलं. स्टँड बाहेर काढला. हँडल वळवलं. पाठ करून बसली. उठायला गेली आणि खडीवरून बूट घसरले. पुन्हा बसली. पुन्हा घसरले. कोपरातून रक्त येत होतं.

"मी धरते गं एका बाजूने! वर तो…"

"तू रोज असणार आहेस का इथे?"

आवाज चढवला नव्हता तिने. मला जागेवरून हलता आलं नाही. मी अधिकाऱ्यांना ढकलून आत शिरलेली बाई, पोलिसांच्या काठीला न हटलेली. आणि तिथे हात लोंबते सोडून उभी होते.

तिने बुटांच्या टाचांनी खडी बाजूला सारायला सुरुवात केली. खरवडत राहिली, खालचा घट्ट कातळ लागेपर्यंत. दोन पावलांपुरती जागा झाली. त्यात बूट रोवले, पाठ टेकली, डोळे मिटले. आणि समोर तो अर्धा खाल्लेला डोंगर, वर पांढरं ऊन, मधे ही एवढीशी बाई, आणि तिच्या पाठीवर रेलत, करकरत, गाडी उभी राहत गेली. स्टँडवर टेकली.

सिलिंडरही तिनेच चढवलं, तिनेच बांधलं. गाडीवर बसताना म्हणाली, "उद्या डेपोवर किती वाजता?"

"अकराला."

"येते. हेल्मेट घेऊनच बसते, साहेबाला दिसू दे." आणि गेली.

मी चालत वर पोचले तेव्हा नळी नव्या सिलिंडरला लागली होती. भाऊ दारात खुर्चीवर बसलेला, ओठ माणसाच्या रंगाचे. गाडी समोर उभी. तो एकदा गाडीकडे बघत होता, एकदा बहिणीच्या धुळीने माखलेल्या उजव्या बाजूकडे.

"पडलीस?"

"पडले."

"कुणी उचललं?"

ती कोपर धूत राहिली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून तिच्याकडे बोट केलं.

दोन शब्दांमधे त्याला थांबावं लागतं, तेवढा दम गोळा करावा लागतो. मग गाडीकडे बोट करून म्हणाला, "तिच्या पोटात… हवा गाळायची जाळी असते. दर आठवड्याला… काढून झटकत जा. इथली धूळ वाईट."