चिमट्यावरची नावं

लालभडक लोखंड पाण्यात बुडालं की चुर्रर्र असा दीर्घ उसासा उमटतो आणि मागोमाग करपट, ओलसर वाफ पसरते. माझ्या बालपणाला तोच वास आहे. चौसाळ्यात हायवेच्या कडेला, पत्र्याच्या दुकानात अब्बा लोहारकाम करायचे आणि अम्मी लोकांच्या रानात पऱ्हाट्या उपटायला जायची. कापूस वेचून झाल्यावर उरणाऱ्या त्या वाळक्या झाडांची मुळं भुईला अशी काही धरून बसतात, की उपटणारीच्या तळहाताची साल निघावी! संध्याकाळी भाकरी थापताना पिठावर उमटलेला लाल डाग अम्मी चिमटीनं काढून टाकायची. आम्ही सगळे पाहायचो.

एके दिवशी अब्बा थेट भट्टीपाशी गेले. भंगारातल्या जीपच्या स्प्रिंगचा पाटा तापवून त्यांनी दोन दात घडवले, त्यांना लांब दांडा जोडला आणि पऱ्हाटी बुडाशी पकडून उपटणारा एक चिमटा अम्मीच्या हातात दिला. आठवडाभरात दुकानापुढे बाया उभ्या! "मिस्तरी, आमाला बी करा की." अब्बांनी केले. भांड्यावर घालतात तसं प्रत्येक दांड्यावर घेणाऱ्याचं नाव आणि तारीख ते ठोकून देत. स्वतःचं नाव मात्र कधी घातलं नाही. का, असं विचारलं तर म्हणत, "चिमटा त्यांचा हाय. माझं नाव कशाला?"

वेल्डिंगच्या झगमगाटानं पुढे अब्बांची नजर मंदावली. तोवर मी पदवीधर झाले होते. आमच्या घराण्यात फॉर्म स्वतः वाचून भरणारी मी पहिली, आणि याचा अभिमान मी लपवत नाही. मी पेन्शनचा अर्ज आणला, पण वरचा 'निराधार' हा शब्द ऐकताच अब्बा उसळले. "मला पोरगी हाय बेटा. निराधार लिहून अल्लाला काय तोंड दाखवू?"

त्याच हिवाळ्यात आष्टीच्या बाजारातल्या, शेतीची अवजारं विकणाऱ्या एका दुकानदारानं निरोप धाडला की दूरच्या एका कारखान्यानं याच चिमट्याच्या पेटंटसाठी अर्ज केलाय. मंजूर झाला तर मिस्तरींना चिमटा घडवता यायचा नाही. शेजारचे हसले, "मिस्तरी, तुमची पोरगी लई कायदा शिकली, आता घणाला बी नोटीस देईल!" मी हसले नाही.

वाचका, पेन्शनचा फॉर्म आणि कारखान्याच्या पेटंट-अर्जाची प्रत, या दोन कागदांकडे मी किती वेळ पाहत बसले असेन! एकात आपल्याजवळ काहीच नाही हे सिद्ध करायचं, दुसऱ्यात हे केवळ आपलंच आहे हे! कायदे करणाऱ्यांच्या मनातलं अर्थशास्त्र आपल्याला कुठे दिसतं? ते भाषणात विरून जातं आणि फॉर्ममधल्या एका शब्दात येऊन बसतं. पेन्शनला 'फुकटची सवय' म्हणणारा पुढारी मी ऐकला आहे. त्यानंच पुढच्या वाक्यात उद्योगांच्या मक्तेदारीला 'प्रगती' म्हटलं होतं. मला पेटंटचं वावडं नाही. ज्याची बुद्धी झिजली त्याला फळ मिळावंच. पण बाजारावर श्रद्धा असलेल्यांनी कायदा केला तर तो मालक शोधतो, माणसांवर श्रद्धा असलेल्यांनी केला तर वाटेकरी शोधतो. आमचं नशीब असं, की पेटंट मिळण्याआधी कुणीही हरकत घेऊ शकतं, ही वाट कुणीतरी कायद्यात मोकळी ठेवली होती. उद्योगाचा वेग अडतो म्हणून ती अरुंद करा, असंही म्हणणारे आहेत. त्या 'कुणीही'मध्ये मी उभी राहिले.

चिमटा आधीपासूनच वापरात आहे याचा पुरावा काय, तर दांड्यावरची नावं! चौसाळ्यातून, थेट चकलांब्याहूनही माणसं जुने चिमटे घेऊन आली. गंजलेल्या लोखंडावर एकेक नाव, एकेक तारीख. सगळ्या तारखा कारखान्याच्या अर्जाच्या कितीतरी आधीच्या. ज्या माणसानं स्वतःचं नाव कुठेच घातलं नाही, त्याची साक्ष शंभर नावांनी द्यावी, याहून मोठी सनद कोणती?

हरकत पाठवली त्या दिवशी मी पेन्शनचा अर्ज पुन्हा अब्बांपुढे ठेवला. म्हटलं, "तुम्ही सगळ्यांना दिलंत. आता सगळे मिळून देतायत, तर लाज कसली?" अब्बांनी ऐरणीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "सही करतो. पर निराधार मी न्हाई, हे तू ध्यानात ठेव." मी ध्यानात ठेवलं आहे. तो शब्द बदलावा म्हणून तहसीलला दिलेल्या अर्जाची पोच माझ्या कपाटात आहे, आणि मी थांबणार नाही.

आज दुकानात पुन्हा चुर्रर्र झालं. आता घण चुलतभावाच्या हाती आहे. अब्बा शेजारी बसून आवाजावरूनच सांगतात, तापल्या लोखंडाला पाणी बरोबर बसलं की नाही. अम्मीचे तळहात मऊ झाले नाहीत, पण भाकरीवर डाग पडत नाही. अब्बांचं पेन्शन सुरू झालं. कारखान्याचा अर्ज फेटाळला गेला. आमचा चिमटा आजही कुणीही घडवू शकतं.