दहावी जागा

फ्लोरामावशी गेल्याचं कळलं तेव्हा मी लॅपटॉपसमोर ऑफिसच्या सकाळच्या मीटिंगमध्ये बसले होते आणि काल काय केलं, आज काय करणार, हे रोजचे पाढे म्हणत होते. फोन इस्रायलहून, अश्दोदहून होता. नाओमीचा, मावशीच्या मुलीचा. "मेधा, आई गेली गं पहाटे," एवढंच ती म्हणाली. हॉस्पिटल आमच्या हॉलंडमधल्या, डीमन गावातल्या घरापासून सायकलवर वीस मिनिटांच्या अंतरावर, पण बारा दिवसांत मला आत जाता आलं नव्हतं. दुपारपर्यंत आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हात जोडलेली चित्रं आली आणि त्यांच्याखाली 'मुक्त झाल्या', 'तसं वयही झालं होतं'. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वय झालं होतं म्हणजे काय? एक्क्याऐंशी वर्षांची ती बाई डिसेंबरात तीन मजले जिना चढून येत होती. मुक्त वगैरे व्हायची तिला अजिबात घाई नव्हती. मी ग्रुपवर तसं लिहिलं आणि ग्रुप सोडून दिला. आता पाच आठवडे झाले. राग जरा खाली बसला असेल म्हणून लिहायला घेतलं, तर तो आहे तिथंच आहे.

आमची ओळख करून दिली ती लिफ्टनं. इथं राहायला येऊन मला आठवडा झाला होता. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि माझ्या मागे उभी असलेली, लांब कोट घातलेली गोरीशी म्हातारी भिंतीवर थाप मारत शुद्ध मराठीत म्हणाली, "अगं बये, हल की." मी वळून बघतच राहिले. तिनं नाव फ्लोरा सांगितलं, तेव्हा मी आपलं शहाणपणानं विचारलं, नाताळला काय करता म्हणून. त्या प्रश्नावरून तिनं मला पुढे दर डिसेंबरात चिडवलं. ती आमच्या कोकणातली, अलिबागजवळच्या गावातली बेने इस्रायली, म्हणजे शेकडो वर्षं मराठीच बोलत आलेली ज्यू. नवरा बोटीवर इंजिनियर, त्याच्या नोकरीपायी ती हॉलंडला आली आणि तो गेल्यावरही इथंच राहिली. वडील गावातल्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवायचे आणि सणासुदीला बायबलातल्या गोष्टींवर मराठीत कीर्तन करायचे, हे तिनं सांगितलं तेव्हा मला वाटलं, ही मला बनवतेय. तर तिनं वडिलांची वहीच काढून दाखवली. ज्यूंच्या गूढ शिकवणीतल्या गोष्टी त्यांनी गुरूंकडून ऐकून, स्वच्छ बाळबोध अक्षरांत, आपल्याला कळतील अशा मराठीत लिहून ठेवल्या होत्या. मावशीला त्या वहीतलं पानन् पान पाठ होतं. पण ती कुणाला प्रवचन देत बसायची नाही. तुमचं काहीतरी अडलेलं असलं की तेवढ्यापुरतं एक पान सांगायची.

त्यातलं पहिलं पान माझ्या वाट्याला आलं ते आईमुळे. महामारीच्या आदल्या उन्हाळ्यात माझी आई, सुमन, पुण्याहून तीन महिने राहायला आली होती आणि पंधराव्या दिवशी आमची जुंपली. माझ्या ओट्यावरचे डबे तिनं तिच्या पद्धतीनं लावले. मी ते परत लावले. तिनं पुन्हा... शेवटी मी तणतणत मावशीकडे गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं, चहा ठेवला आणि म्हणाली, हे बघ, सुरुवातीला सगळीकडे देवच होता, दुसऱ्या कशाला जागाच नव्हती, मग देव सरकला. मला वाटलं, सरकला म्हणजे डोक्यानं सरकला. मी म्हटलं, तो सरकलेला आहे हे मला आधीपासून ठाऊक आहे. मावशी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. मग डोळे पुसत तिनं समजावलं, की बाबांनी मुद्दाम हाच शब्द घातलाय. बाकावर कुणाला बसायला जागा करून देताना आपण सरकतो, तसा देव जगासाठी सरकला. स्वतःला आपल्यातच आकसून घेतलं त्यानं. "त्याला जमलं, तुला एक ओटा सोडता येईना होय? सरक जरा." मी घरी आले आणि ओटा सोडला. आईला त्याचं कारण शेवटपर्यंत कळलं नाही, पण ते तीन महिने आमच्या दोघींच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले गेले. तिची आणि मावशीचीही गट्टी जमली. मावशीनं तिला नवस फेडायचा मलिदा खाऊ घातला, गोड पोहे, ओलं खोबरं, वर फळं. आमच्याकडे मलिदा खातात ते पुढारी, असं आई म्हणाली. त्यावर मावशीनं फणकाऱ्यानं सांगितलं, की आमच्या प्रसादाचं नाव तुमच्या लाचेला दिलंत, वर मला ऐकवता.

मग तो मार्च आला. शाळा, ऑफिसं, सिनेगॉग, सगळं बंद. त्याच सुमारास मावशीच्या नवऱ्याची पुण्यतिथी होती. त्या दिवशी कद्दिश म्हणतात. ही गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना, पण त्यात मरणाचा शब्दसुद्धा नाही, नुसती देवाची थोरवी. ती एकट्यानं म्हणता येत नाही, दहाजण लागतात. एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. आता दहाजण आणायचे कुठून? आमची इमारत म्हणजे चाळच, सगळ्यांची दारं एका लांब गॅलरीत उघडतात, आणि त्या दिवसांत नर्स-डॉक्टरांसाठी टाळ्या वाजवायला आम्ही सगळे गॅलरीत यायचोच. मावशीनं दारोदार फिरून फर्मान काढलं: शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत आपापल्या दारात उभं राहायचं आणि मी थांबले की आमेन म्हणायचं. निवृत्त ट्रामचालक, सुरिनामची शिक्षिका, मोरोक्कोचं जोडपं, माझा नवरा मंदार, मी... बरोब्बर दहा भरले. तिनं दारात काचेच्या पेल्यात खोबरेल तेलाचा दिवा लावला आणि खणखणीत आवाजात कद्दिश म्हटलं. आधी तिनं रब्बायना, म्हणजे धर्मगुरूंना, फोन केला होता. ते बिचारे सौम्यपणे म्हणाले, की बाई, शास्त्राप्रमाणे दहा ज्यू पुरुष लागतात, हे दहा धरता येत नाहीत. मावशी म्हणाली, "मला ठाऊक आहे. मी विचारत नाहीये, सांगतेय."

मे महिन्यात माझी आई गेली. पुण्यात, हॉस्पिटलमध्ये, त्याच रोगानं. विमानं बंद. भाऊ हॉस्पिटलच्या गेटबाहेर. अंत्यसंस्कार महापालिकेच्या माणसांनी केले. त्यांचे उपकार आहेत, पण माझ्या आईला शेवटचं कोणी पाहिलं, तिच्या तोंडात पाणी कोणी घातलं, हे मला आजही माहीत नाही. मी त्या दिवसापासून देवाचं नाव टाकलं. ज्यानं त्यानं फोन करून सांगितलं, त्याची इच्छा, आपल्या हातात काय आहे. मी म्हणायचे, त्याच्या हातात होतं ना, मग काय केलं त्यानं? मावशीनं मात्र इच्छा वगैरे शब्द काढला नाही. ती रोज माझ्या दारापाशी खुर्ची टाकून दीड मीटरवर बसायची. पंधराव्या दिवशी म्हणाली, येत्या शुक्रवारी मी सुमनसाठी कद्दिश म्हणणार आहे, तू दहावी. मी ताडकन नाही म्हटलं. माझ्या आईला असं मारणाऱ्याची मी स्तुती ऐकू आणि वर आमेन म्हणू?

"स्तुती नाही गं," मावशी म्हणाली. "सांत्वन आहे ते. त्याचंही माणूस गेलंय."

मग तिनं वहीतलं ते पान सांगितलं. माणूस मेलं की जगातला देव तेवढा उणा होतो, म्हणून मागे राहिलेल्यांनी उभं राहून त्यालाच धीर द्यायचा, म्हणायचं, तू थोर आहेस, खचू नकोस. आणि जगाला जागा द्यायला तो सरकला तेव्हाच त्यानं स्वतःचे हात बांधून घेतले. तुझी आई आत होती, तू इथं अडकलीस, भाऊ गेटबाहेर उभा, आणि तोही तिथंच, गेटबाहेर, तुझ्या भावाच्या शेजारी. आत त्यालाही कुणी घेतलं नाही. मी चिडून विचारलं, मग असला देव काय कामाचा. मावशी खुर्चीवरून उठली. "तेच तर. म्हणून कामं आपल्यावर पडलीत." आणि खरंच कामाला गेली. तेव्हा ती मजल्यावरच्या सगळ्यांसाठी जुन्या साड्यांचे मास्क शिवत होती. घरात बसा, तुम्ही जोखमीच्या वयातल्या आहात, असं पत्र खेमेंटेकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, आलं होतं. त्याच्या मागच्या बाजूला ती मास्कची मापं लिहायची. देवाचा उजेड भांड्यांत मावला नाही, भांडी फुटली आणि ठिणग्या सगळीकडे सांडल्या, असंही त्या वहीत होतं. त्या गोळा करायच्या म्हणजे मोठं तप करायचं असं मला वाटायचं. मावशीचं म्हणणं, उसवलेली शिवण नीट घातली तरी एक ठिणगी हाताला लागते. वेडीवाकडी घातली तर लागत नाही.

त्या शुक्रवारी मी गेले नाही. स्वयंपाकघराच्या पडद्याआडून बघत राहिले. मंदारसुद्धा जाऊन उभा राहिला, याचा मला इतका राग आला की दोन दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही. मावशी धरून नऊ झाले. तिनं दिवा लावला, माझ्या खिडकीकडे बघितलं, म्हणाली, आज नऊच, आणि सगळ्यांचे आभार मानून आत गेली. पुढच्या शुक्रवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. ट्रामचालक म्हणाला, मी माझ्या बहिणीला आणतो, दहा होतील. मावशीनं त्याला सांगितलं, दहावी जागा सुमनच्या लेकीची आहे. माझ्यावर ती एकदाही चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते. पावसात, वाऱ्यात, पुढे तर चार वाजताच अंधारायला लागायचं तेव्हासुद्धा, ते नऊजण आपापल्या दारात येऊन उभे राहायचे, माझ्यामुळे न म्हटलेल्या प्रार्थनेसाठी. मला वाटायचं, मी देवाला शिक्षा करतेय. कद्दिश अडलं होतं ते माझ्या आईचं, हे मला कळत होतं. तरी मी बाहेर आले नाही. हे मी कुणालाही दोष न देता लिहितेय. ते माझंच आहे.

जानेवारीत मावशी आजारी पडली. अ‍ॅम्ब्युलन्स आली तेव्हा मी गॅलरीत होते. स्ट्रेचर नको म्हणून ती भांडली, हरली, आणि मग चाकांवरून माझ्या दारासमोरून जाताना मास्क खाली ओढून म्हणाली, "जागा धरून ठेवलीय हं." त्यानंतर मी तिला पाहिलं नाही.

दफनाला नाओमीला येता आलं नाही, तिकडचा विमानतळच बंद होता. सिनेगॉगमधले बरेचसे म्हातारे, कुणी आजारी, कुणी घाबरलेले, आणि घाबरले तर त्यात त्यांची काय चूक? रब्बाय धरून सात पुरुष आले. मी तीनतीनदा मोजले. सातच. कद्दिश झालं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी दहाजण गोळा करणाऱ्या बाईला मातीआड करताना तीन माणसं कमी पडली. संध्याकाळी नाओमी फोनवर हेच एक म्हणत रडत होती, आईला कद्दिश मिळालं नाही. आणि मी, दोन पावलांवर राहून आठ महिने दहावी जागा रिकामी ठेवणारी, तिला काय तोंडानं समजावणार होते?

शुक्रवारी दुपारी मी दारं ठोठावत निघाले. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. तोपर्यंत बाहेर दोघांहून जास्त माणसांनी जमायला मनाई झाली होती, पण आपापल्या दारात उभं राहायला कुणाची बंदी? मावशीचं दार बंद. त्याच्यासमोर मी स्टूल ठेवलं, स्टुलावर फोन, फोनवर नाओमी. मावशीच्या जागी ती, आणि दहावी मी. फोनवरचं माणूस धरत नाहीत, हे एव्हाना मलाही माहीत झालं होतं. आम्ही धरलं. सुरू करायच्या आधी नाओमीनं विचारलं, नाव फक्त आईचंच घेऊ ना? मी म्हटलं, दोन घे. फ्लोरा आणि सुमन. तिचा आवाज मध्येच फुटला, परत लागला, आणि जिथं ती थांबली तिथं आमच्या गॅलरीतल्या नऊजणांचं आमेन आलं. माझं इतक्या जोरात निघालं की खालून सायकलवर जाणारा माणूस थांबून वर बघायला लागला.

आता दर शुक्रवारी आम्ही उभे राहतो. आईबापांसाठी म्हणायची रीत आहे तसं नाओमी अकरा महिने म्हणणार आहे, तितके महिने मीही इथून हलणार नाही. ओळखीचे लोक हल्ली मला विचारतात, मग आता देवावरचा राग गेला का. नाही. त्याचं माणूस गेलंय, म्हणून मी त्याला धीर देते. माफ केलेलं नाही.