खालच्या कोर्टाची चूक

दोन रात्री मला झोप नव्हती. ह्यांच्या टेबलावरच्या कोर्टाच्या निकालाच्या नकलेवर तेलाचा डाग दिसला म्हणून मी पाच वर्षांच्या वत्सीला फाडकन मारलं. मग ह्यांनी कागद नाकाशी धरला अन् म्हणाले, "हे तर एरंडेल आहे." एरंडेलाची बाटली सकाळी माझ्याच हातात होती, धाकट्याला पाजायला! तेव्हापासून वत्सी माझ्याशी बोलेना. अन् माझ्यासारख्या शिकलेल्या बाईच्या जिभेवर पोरीपुढं 'माझं चुकलं' एवढं काही येईना.

ह्यांची वकिली अपिलांची. खालच्या कोर्टातल्या मुन्सफाचा निकाल चुकला असं वाटलं की वर दाद मागायची. जिल्ह्याच्या कोर्टात, नाहीतर थेट हैदराबादेला, निजामाच्या हायकोर्टात. आमच्या बाहेरच्या खोलीत धाराशिवचे निम्मे वकील चहाला असतात. कपबशा धुवून होतात, किस्से मात्र उरतातच. मी दाराआडून ऐकते. ते दोन दिवस तर जास्तच कान देऊन ऐकले.

*

मागं एकदा ईट गावचा एक म्हातारा आला होता. ह्यांचे सीनियर नाना वकील त्याला समजावत होते, "अपिलात साक्षीदार बोलवत नाहीत. जज्जसाहेब खालच्या कोर्टाचे कागद वाचतात, बस्स."

"म्हंजी माझं तोंड बी बघणार न्हायत? वावर बी न्हाय?"

"नाही."

"मग म्या हैदराबादला कशाला जाऊ? कागदालाच बसवा की गाडीत!"

नाना एकटेच कागद घेऊन येडशी स्टेशनावर गाडीत बसले, अन् जिंकून आले! ज्याचं तोंडही पाहिलं नाही त्याचं कुणी इतकं नीट वाचतं, ह्याचंच मला नवल.

*

कोर्टाची भाषा उर्दू, साक्षीदार मराठी. कारकून मराठी ऐकणार, उर्दूत लिहिणार. एकानं साक्ष दिली, "आरोपीनं शीव ओलांडली." म्हणजे गावची हद्द. पण उर्दू अक्षरांत शीव काय अन् शिव काय, दिसायला एकच!

हैदराबादेत जज्जसाहेबांनी चष्मा काढून विचारलं, "मुलज़िम ने शिवजी को फाँदा?" म्हणजे आरोपीनं महादेवालाच ओलांडलं!

आरोपी हट्टानं नानांबरोबर गेला होता; महादेवाचा भक्त, कपाळभर भस्म. तो हात जोडून रडायलाच लागला. "सरकार, फाशी द्या, पण असलं बोलू नका!"

मग जज्जसाहेबांनी शीव म्हणजे काय ते नानांकडून बसून समजून घेतलं. एका शब्दासाठी पुरा एक तास! मी हात उगारायच्या आधी श्वाससुद्धा घेतला नव्हता.

*

अपिलाला दिवसांची मुदत असते. ह्यांचा एक पक्षकार मुदत टळल्यावर उगवला. जिल्ह्याचे जज्ज हैदराबादकडचे. त्यांनी विचारलं, "देर क्यों हुई?"

"सरकार, अधिक महिना होता. त्यात चांगलं काम करत न्हायत."

 ह्यांनी कसंबसं उर्दूत सांगितलं की आमच्या पंचांगात तिसऱ्या वर्षाला एक महिना जास्तीचा येतो.

"तीन साल में एक महीना मुफ़्त! और वकील साहब, आपने हमें आज तक बताया नहीं?"

उशीर माफ!

*

पण मला थक्क केलं ते मुन्सफसाहेबांनी. त्यांचा एक निकाल ह्यांनी वर नेऊन उलटवला होता. बाजारात साहेब दिसले तसे हे मान खाली घालून पलीकडून निघाले. साहेबांनीच हाक मारली. भाजीवाल्यांच्या देखत म्हणाले, "वकील साहब, अच्छा हुआ. हमसे ग़लती हुई थी."

हे घरी आले ते भाजीची पिशवी तिथंच विसरून! "एवढा हाकिम," म्हणत राहिले, "एवढा हाकिम!"

भाजी गेलीच. पण मी त्या संध्याकाळी कणीक मळता मळता दोनदा थांबले. मुन्सफसाहेबांपुढं सगळा बाजार होता. माझ्यापुढं एवढीशी पोर.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी वत्सी उंबऱ्याशी चिंचोके मांडून बसली होती. मी समोर फतकल मारली. बाहेरच्या खोलीत नाना होते, हे होते. ऐकू जाईल तर जाऊ दे म्हटलं.

"वत्से, तो डाग माझा होता. तुला उगीच मारलं. माझं चुकलं."

तिनं चिंचोके एकेक करून ओच्यात भरले. मग मान वर करून माझ्याकडं नीट बघितलं.

"अन् दिवाळीत मारलंस, ते?"