दाजींची राखीव खुर्ची

आमच्या दाजींनी घंटी वाजवल्याशिवाय आयुष्यात एकही गोष्ट सुरू केली नाही आणि घंटी वाजवल्याशिवाय एकही संपू दिली नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या लेखी गाडी अजून चालूच आहे. अंगात धुवून धुवून पांढरट पडलेला खाकी शर्ट असतो, कानावर पेन्सिल असते. कुणाच्याही घरात शिरले की बसायच्या आधी माणसं मोजतात. त्यांच्या पुतणीला बघायला पाहुणे आले तेव्हा उंबऱ्यातच उभं राहून त्यांनी बोटानं मोजलं आणि म्हणाले, "नऊ. निरोप तर पाचाचा व्हता." अक्काला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. पंगतीत वाढायला उभे राहिले की जिलबीचं ताट हातात धरून "पुढं सरका, मागं जागा हाय" म्हणतात, आणि भरल्या ताटावरची माणसं खरोखरच सरकतात. अंतर विचारलं तर मैल नाही, किलोमीटर नाही, टप्पे सांगतात. आमचं गाव भोकरदनपासून दोन टप्पे. मध्यंतरी त्यांनी आपल्या बाजेपासून स्वयंपाकघरापर्यंत छताखालून दोरी बांधली होती. एक घंटी म्हणजे पाणी, दोन घंट्या म्हणजे चहा. तिसऱ्या दिवशी अक्कानं विळ्यानं दोरी कापली. दाजी शांतपणे म्हणाले, "गाडी ब्रेकडाऊन झाली," आणि स्वतः उठून पाणी प्यायले. कुणाच्याही घरून निघताना मात्र त्यांना डबल बेल लागते. दारात जाऊन उभे राहतात, ती मिळेपर्यंत पाय उचलत नाहीत. आमच्या गल्लीतली सगळी माणसं त्यांना "टिंग टिंग" म्हणून वाटेला लावतात. मला ते कधी जमलं नाही. मोठ्या माणसाला असं कसं म्हणायचं, म्हणून मी पदर सावरत उभी राहायची. शेवटी दाजी स्वतःच हळू आवाजात "टिंग टिंग" म्हणायचे आणि जायचे.

अशा माणसानं गावात शब्दांची जत्रा सुरू केली, हे ऐकून पहिल्यांदा सगळे हसले होते. कापसाची वेचणी उरकली की शाळेच्या मैदानात लिंबाखाली मंडप पडतो. ज्याला कविता म्हणायची त्यानं कविता म्हणावी, गोष्ट सांगायची त्यानं गोष्ट, गाणं म्हणायचं त्यानं गाणं. दाजींनी स्वतः कधी चार ओळी लिहिल्या नाहीत, पण त्यांचं म्हणणं असं की गोष्ट कशी सांगावी हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. "सारी जिंदगी मी गोष्टीच ऐकल्या," ते म्हणतात. "गाडीतला माणूस सगळ्यात चांगली गोष्ट सांगतो. कामून? त्याला उतरायचं असतं. थांबा यायच्या आत त्याला लेकीचं लग्न बी सांगायचं असतं, भावाचं भांडण बी. ज्याला थांबाच न्हाई, त्याचं भाषण व्हतं."

म्हणून जत्रेत प्रत्येकाला चार मिनिटं. मंडपाच्या बांबूला पितळी घंटी बांधलेली, तिची दोरी दाजींच्या हातात. दोन घंट्या झाल्या की सुरू करायचं, एक झाली की थांबायचं. बोलणाऱ्याला आधी पुठ्ठ्याचं तिकीट मिळतं. त्यावर दाजी पेन्सिलीनं नाव लिहितात आणि आपल्या जुन्या चिमट्यानं भोक पाडतात. तिकीट नसेल तर स्टेजवर पाऊल ठेवायचं नाही. एका वर्षी जालन्याहून एक कवी आले होते, गळ्यात शाल, हातात जाड वही. त्यांनी आपली कविता कुठल्या मनःस्थितीत सुचली ते सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात चार मिनिटं संपली. टिंग!

"अहो, माझी कविता अजून सुरू व्हायची आहे!" कवी म्हणाले.

"साहेब, तुमचा थांबा आला," दाजी म्हणाले. "कविता पुढच्या गाडीनं आणा."

एका पुढाऱ्यालाही त्यांनी तसंच उतरवलं. त्या वेळी शाळेतल्या गुरुजींना घाम फुटला होता. जत्रेचं सगळं लिहिणं-वाचणं, पाहुण्यांना बोलावणं गुरुजींकडे असतं. दाजींनी मात्र पुढाऱ्याकडे वळूनही पाहिलं नाही, पुढचं तिकीट फाडलं.

पण ज्यासाठी लोक त्यांना खरंच येडे म्हणायचे, ती गोष्ट वेगळीच होती. स्टेजच्या कडेला, जिथं वारा लागतो तिथं, ते एक निळी प्लास्टिकची खुर्ची ठेवायचे. तिच्या पाठीवर त्यांनी ऑइलपेंटनं लिहून घेतलं होतं, 'महिलांसाठी राखीव'. गावातली कुणीही बाई येऊन तिथं बसावी आणि तिला येईल ते म्हणावं. सहा वर्षं त्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. दुसऱ्या कुणी तो नंबर गाळला असता. दाजी गाळायचे नाहीत. त्या खुर्चीची पाळी आली की दोन घंट्या वाजवायचे, घड्याळाकडे बघत उभे राहायचे आणि चार मिनिटं पूर्ण झाली की एक घंटी वाजवायचे. तोवर कुणी बोलायचं नाही. "त्या सीटचा टाइम हाय. दुसऱ्याला देता येत न्हाई."

पहिल्या वर्षी लोकांना वाटलं माइक बिघडला. दुसऱ्या वर्षी एक शेळी स्टेजवर चढून खुर्ची हुंगून गेली आणि तिलाही दाजींनी चार मिनिटं होईपर्यंत हाकललं नाही. नंतर लोकांना सवय झाली. सगळं मैदान गप्प बसायचं. लिंबाची पानं वाजायची, लांब कुणाच्या तरी विहिरीवरची मोटार ऐकू यायची. पुरुष माना वळवून बायकांकडे बघायचे आणि आम्ही बायका खाली बघायचो. मी हरळी उपटत बसायची. माझ्यापुढची हातभर जागा दरवर्षी लख्ख व्हायची.

मी चौथीपर्यंत शिकले. माझ्या माहेरी चौथीपर्यंतच शाळा होती. पाचवीला फाट्यावरून एसटीनं पुढच्या गावी जावं लागायचं आणि पोरीला गाडीनं पाठवायचं नाही असं दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठरवलं. पुढं मला अक्काच्याच गावात दिलं. लोकांत माझा आवाज निघत नाही. दुकानात जाऊन साखर मागायची तरी मी आधी मनात दोनदा म्हणून बघते. पण घरामागं एकटी तूर पाखडत बसले की तोंडात ओव्या येतात, माझ्याच, जुळवलेल्या. दोन वर्षांपूर्वी अशीच गात होते. शेवटाला आले आणि वर बघितलं तर भिंतीपलीकडे दाजी, हातात घड्याळ.

"सव्वातीन मिनिटं," ते म्हणाले. "बराबर बसतंय, धाकटे." आणि निघून गेले. मी पंधरा दिवस तूर पाखडली नाही. त्यानंतर त्यांनी तो विषय एकदाही काढला नाही. मला गा म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी नाही म्हणून मोकळी झाले असते.

यंदा जत्रेच्या आधी दाजींच्या ओसरीवर बैठक झाली. मी अक्काला चहा करू लागायला गेले होते, दाराआडून सगळं ऐकू येत होतं.

"दाजी, यंदा तालुक्याहून पाहुणे जास्त येऊन राह्यलेत," गुरुजी म्हणाले. "टाइम पुरणार न्हाई. ती राखीव खुर्ची आता काढून टाकू."

"राखीव हाय ती."

"पण कुणी बसतच न्हाई ना!"

"बसल्या असत्या तर राखायची काय गरज व्हती, गुरुजी?"

सगळे हसले. पण गुरुजी मागं हटले नाहीत. शेवटी असं ठरलं की यंदाच्या वर्षी खुर्ची ठेवायची. यंदाही रिकामी राहिली तर ती शाळेच्या स्वयंपाकघरात जाईल आणि चार मिनिटं पाहुण्यांना. अर्ध्या तिकिटासाठी फाट्यापर्यंत भांडणारे दाजी "बरं" म्हणाले. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा ते खुर्चीच्या पाठीवरची अक्षरं अंगठ्यानं पुसून बघत होते, रंग निघतो का ते.

जत्रेच्या दिवशी मी नेहमीसारखी मागं, लिंबाच्या बुंध्याशी बसले. एका बाजूला अक्का, दुसऱ्या बाजूला बांगड्या भरणारी चाची. तिसऱ्या प्रहरी खुर्चीची पाळी आली. टिंग टिंग. मैदान गप्प झालं. मी हरळीला हात घातला.

"एक सांगू का तुला?" अक्का कुजबुजली. "मला बी परवाच कळलं. खुर्ची धूत बसले व्हते, तवा बोलले."

"गप ना अक्का, सगळ्यांना ऐकू जाईल."

"जाऊ दे. तुझी पाचवीची शाळा सुरू झाली व्हती ना, तवा आपल्या फाट्याच्या गाडीवर हेच व्हते. दादांना म्हणले, माझ्या नजरेसमोर जाईल, माझ्या नजरेसमोर येईल. दादा न्हाई म्हणले. तरी ह्या माणसानं पंधरा दिवस खिडकीची एक सीट धरून ठेवली. रोज फाट्यावर गाडी उभी करायची, अन् वाट बघायची. ड्रायव्हर वरडायचा, कोण यायलंय? हे म्हणायचे, चौथी पास झालेली पोरगी हाय, येईल. चेकर आल्ता, त्यानं विचारलं सीट रिकामी कामून. तर म्हणले, राखीव हाय."

सगळं गाव चिडीचूप बसलेलं, त्यामुळे अक्काचं कुजबुजणं भाषणासारखं ऐकू जात होतं. दाजी घड्याळावरून नजर काढत नव्हते. पण त्यांचे कान लाल झाले होते, ते मला एवढ्या लांबून दिसलं.

मला काय झालं ते सांगता येत नाही. मी उठले नव्हते, गुडघ्यावर आले होते एवढंच.

"ऊठ गे," चाचीनं कंबरेला ढोसलं. "मैं तेरी चप्पल संभालती. जल्दी जा, टाइम जा रहा!"

मी गेले. बायकांतून, मग पुरुषांच्या बाजूनं, अनवाणी. खुर्चीच्या अगदी कडेवर टेकले. गुरुजींनी धावत येऊन माइक खाली केला, तो किंचाळला. मी डोळे मिटले, समोर सुपात तूर आहे असं धरलं आणि म्हणाले,

"गाडी आली, गाडी गेली, धुरळा बसला वाटंला
माझ्या दप्तराचा बंद, बाई, गुंतला खुंटीला"

पुढची ओवी मी कधी जुळवलेली नव्हती. ती आपली आपण आली, "खिडकीची गं जागा, वारा येऊन बसला..."

टिंग!

मैदानात गलका झाला. "अहो दाजी, काय हे!" "म्हणू द्या तिला!" चाची तर उभीच राहिली, "कैसा कंडक्टर है रे ये!" ज्यांना ती चार मिनिटं नको होती ते गुरुजीसुद्धा म्हणाले, "दाजी, राहू द्या हो. पाहुण्यांची पाच मिनिटं कमी करू."

"बिलकुल न्हाई," दाजी म्हणाले. "गाडी टायमावर सुटल्ती. बाई उशिरा चढल्या." मग माझ्याकडे वळले. जन्मभर मला अगं-तुगं करणारे दाजी म्हणाले, "बाई, तुमचा थांबा आला."

मला हसू आलं. एवढ्या लोकांसमोर, तोंडाला पदर न लावता हसले. जी घंटी पुढाऱ्याला होती, जालन्याच्या कवींना होती, तीच मला होती. कुणी मला सूट दिली नव्हती. मी उतरले आणि माझ्या चपलेपाशी येऊन बसले.

खुर्ची स्वयंपाकघरात नेण्याचं गुरुजींनी त्यानंतर नाव काढलं नाही. पुढच्या खेपेला आपल्या नानीची गोष्ट सांगणार म्हणून चाची आतापासूनच बांगड्या भरता भरता बायकांना घड्याळ लावायला सांगते. अक्का मला अजून विचारते, वारा खिडकीत बसला, पुढं काय? मलाही माहीत नाही. ती ओळ अजून आलेली नाही.

त्या दिवशी ऊन कलल्यावर दाजी आमच्या दारात आले. आधी घरातली माणसं मोजली. मी एकटीच होते. "एक," म्हणाले. मग खिशातून पुठ्ठ्याचं तिकीट काढून माझ्या हातात दिलं. "विनातिकीट चढलीस तू. हे ठेव."

तिकिटावर भोक होतं. नाव नव्हतं. पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'फाटा ते हायस्कूल'. खाली एका कोपऱ्यात, 'अर्धे'.

आता एसटीत बायकांना अर्धंच तिकीट असतं, म्हणून मला वाटलं त्यांनी तसं लिहिलं. मी तसं म्हटलंही.

"त्या हिशोबानं न्हाई," दाजी म्हणाले. "तू तवा दहा वर्षांची व्हतीस. एवढ्याशा पोरीला पुरं तिकीट कसं फाडू?"

आणि ते वळून दारात जाऊन उभे राहिले, पाठमोरे, नेहमीसारखे. खाकी शर्ट पाठीवर विरला होता. मान थोडी खाली गेली होती. एवढी वर्षं मी त्यांना कधी मागून नीट पाहिलंच नव्हतं. मी पदर सावरला. मनात दोनदा म्हणून बघितलं.

"टिंग टिंग," मी म्हणाले.

दाजींनी मागं वळून पाहिलं नाही. पाऊल उचललं आणि निघाले.