साठ ठिकाणी उगवलेलं फूल

आमच्या सिआयात, नैरोबीपासून दिवसभराच्या वाटेवरच्या या मुलखात, घर कसं असावं हे फारसं कुणाला कळत नाही, पण गवत शेंबड्या पोरालाही कळतं. मी स्वतः तीस वर्षं छपरं शाकारली. पेंढी हातात घेतली की ती टेकडीवरची की पाणथळीतली, हे डोळे मिटून सांगायचो. एकदा एका जावयानं सासऱ्याच्या छपराला पाणथळीचं कुजकं गवत घातलं, आणि मी भर जेवणात... पण ते राहू दे. आज अविनोचं सांगायचंय.

अविनो पलीकडच्या उगेन्या भागातली. बाजारात शिंपिणीच्या शेजारी तिची एक खोली, खोलीत एक कॉम्प्युटर. न बांधलेलं घर ती त्यात उभं करून दाखवायची. भिंती, खिडक्या, लाल पत्रा, दारात गाडीसुद्धा. फोटोच म्हणा ना! दुपारचा मी तिच्या बाकावर जाऊन बसायचो. ती चहा द्यायची, मी गोष्टी द्यायचो.

कॉम्प्युटर तिच्या भावानं घेऊन दिलेला. त्यानं शेवटचं सांगून टाकलं होतं, "मका निघेपर्यंत एका तरी घराचं काम पक्कं करून दाखव. नाहीतर खोली बंद. मशीन माझ्या दुकानात, आणि तूही."

सात गिऱ्हाइकं आली आणि गेली. सातही जणांनी घराकडे नीट पाहिलंच नाही, नजर थेट चित्रातल्या अंगणाच्या गवतावर. एकजण म्हणाला, "बाई, हे गवत आहे की चटई?" दुसऱ्यानं विचारलं, "हे कुठल्या गायीनं खायचं?"

तिची पद्धत अशी. हातभर गवताचा चौकोनी फोटो घ्यायचा आणि अंगणभर फरशीसारखा शेजारी शेजारी लावत जायचा. कडा एकमेकींत अशा मिसळायच्या की जोड दिसता कामा नये. जोड दिसला की सगळं मेलं. सावली एका बाजूला पडली तरी मेलं. मका तुऱ्यावर आला तशी तिची झोप गेली. जागरणानं लाल झालेल्या डोळ्यांनी ती मला म्हणायची, "आजोबा, मला आता जेवणाच्या ताटातपण जोड दिसतात."

आठवं गिऱ्हाईक रादिंग. तो आखातात, दोह्याला कामाला, तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आलेला. आईसाठी घर बांधायचं, पण आई 'हो' म्हणाल्याशिवाय नाही, आणि रविवारी त्याचं विमान.

अविनो त्यांच्या अंगणात फोटो घ्यायला गेली तेव्हा म्हातारी चर्चला गेलेली. सगळं अंगण शेळ्यांनी खरवडलेलं. फक्त एका कोपऱ्यात, वाळवीनं खाऊन पाडलेल्या जुन्या घराच्या मातीपाशी, काट्यांचं कुंपण घातलेला एक तुकडा होता. दाट, मऊ, हिरवागार. तिनं स्टूल लावलं, ढग येईपर्यंत वाट पाहिली आणि वरून फोटो घेतला.

ते चित्र तिनं मला दाखवलं तेव्हा मला कोयता घ्यावासा वाटला, इतकं खरं! गवतात एक इवलंसं पांढरं फूल होतं.

"हे काढू का, आजोबा? चौकोनागणिक दिसतंय."

"राहू दे," मी म्हटलं. "त्यानंच तर जीव आलाय."

माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवारी चित्र फ्लेक्सवर छापून आम्ही गेलो. रादिंगनं ते भिंतीला टेकवलं. म्हातारी जवळ आली. घराकडे पाहिलंच नाही. वाकली आणि बोटानं मोजायला लागली. एक, दोन, तीन... साठावर थांबली.

"उगेन्याच्या लेकी, हे फूल कुठलं?"

"इथलंच, आजी. त्या काट्यांच्या कुंपणातलं."

"ते मी लावलंय. माझ्या नवऱ्याच्या पायाशी." ती खाली बसली. "एकदा पुरला तेव्हाच माझा जीव गेला होता. तू त्याला साठ वेळा पुरलंस?"

आमच्याकडे घरधनी मेल्यावर स्वतःच्याच दाराच्या उजव्या हाताला मातीत निजतो. पण ते दारच पडून गेलेलं, मग परगावच्या पोरीला कळणार कसं? रादिंगलाही सुचलं नाही. बाप गेला तेव्हा तो दोह्यात होता.

अविनोनं म्हातारीचे पाय धरले. "आजी, मला दुसरं घर नाही मिळणार. दोन दिवस द्या. सगळी फुलं काढते."

"सगळी नको," म्हातारी डोळे पुसत म्हणाली. "मशीन इथं आण. मी सांगते."

शनिवारी दिवसभर दोघी शेजारी बसल्या. म्हातारी बोट दाखवायची, अविनो एकेक फूल काढायची. "इथं शेळी बांधतो, इथं माती दिसू दे. इथून पाणी वाहतं. इथं मी झाडते, इथं गवत कसलं ठेवतेस, शहाणे!" शेवटी एकच फूल उरलं, नव्या दाराच्या उजव्या हाताला. म्हातारीनं पडद्यावर तळवा ठेवला. "आता बांधा," म्हणाली. अविनो रडत रडत हसली, आणि मीही कुठल्याशा लग्नाची गोष्ट सांगायला लागलो.

रविवारी सकाळी रादिंग बॅग भरून अविनोच्या खोलीवर आला. चित्र पाहून त्याचं तोंड उतरलं.

"ही तर आमची जुनीच शेळ्यांची जागा! दोह्यात मित्रांना हे दाखवू? मला सगळीकडे सारखी हिरवळ पाहिजे."

"तुझी आई 'हो' म्हणाली ना रे?" मी विचारलं.

"आईचं घर आहे, आजोबा, पण चित्र माझं आहे. नैरोबीतल्या माणसाकडून करून घेतो."

"आणि मी?" अविनोनं विचारलं. तोवर त्याची गाडी निघून गेली होती.

मका निघाला. भाऊ येऊन मशीन घेऊन गेला. आता ती त्याच्या दुकानात मयताची पत्रकं बनवते. मेलेल्याचा फोटो मध्ये, मागे गवत. तेच गवत, फूल काढलेलं. परवा एक पत्रक हातात आलं. मी चष्मा लावून जोड शोधत बसलो. एकही सापडला नाही.

तिला सांगायला गेलो तर म्हणाली, "आजोबा, ते कोण बघतं?" आणि पुढच्या पत्रकावर नाव लिहायला लागली.