एका कार्यक्रमाला एक चूक

नरसिंगच्या डाव्या हाताची करंगळी वाकत नाही. बहात्तरच्या दुष्काळात मुखेडच्या रस्त्यावर खडी फोडताना हातोडा निसटला आणि नेमका तिच्यावर बसला. कामावर खायला सुकडी मिळत होती, औषध मिळत नव्हतं. अशा हातानं माणसानं फार तर झांजा वाजवाव्यात. पण नरसिंगला गिटार हवी होती, तीही विजेवरची. नांदेडच्या एका बँडवाल्यानं अडगळीत टाकलेली एक त्यानं पैदा केली आणि केवळाबाईंच्या गायन पार्टीपुढे जाऊन उभा राहिला.

केवळाबाई म्हणजे त्या मुलखाचा आवाज. जयंतीचा महिना आला की बिलोलीपासून निलंग्यापर्यंत भीमगीतांच्या कार्यक्रमाची सुपारी आधी त्यांच्याकडे यायची. पेटी, ढोलकी, बँजो आणि मागे कोरसच्या बाया. त्यात हे लांब दांड्याचं वाद्य बघून पेटीवाले पंढरीमामा म्हणाले, "काय रे, सिनेमा काढायलास का?"

बाई हसल्या नाहीत. "वाजव," एवढंच म्हणाल्या.

त्यानं वाजवलं. त्या वयात सगळेच वाजवतात तसं, बोटं पळवून पळवून. पब्लिकलाही तेच आवडायचं हो. शिट्ट्या पडायच्या, वन्स मोअर यायचा, नरसिंगची मान ताठ व्हायची. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या एसटीत बाई त्याला शेजारी बोलवायच्या. त्यांचा एक नेम होता. एका कार्यक्रमाला एकच चूक सांगायची. दुसरी दिसली तरी गिळून टाकायची.

"दोन सांगितल्या की माणूस रुसतंय," त्या म्हणायच्या. "एक सांगितली तर घरी घिऊन जातंय."

बाईंचं एक ठेवणीतलं गाणं होतं, आईचं. 'माय गेली पाण्याला, वाट बघतो रांजण.' ही ओळ आधी बाई म्हणायच्या आणि मग तीच गिटारवर यायची. पहिली चूक निघाली ती तिथंच.

"काल काय म्हणला रे तू?" बाईंनी विचारलं.

"म्हणलो न्हाई बाई. वाजिवलं."

"रांजण कुठं असतंय?"

"घरात."

"मग त्याला वेशीपर्यंत कशाला पळिवलास? रांजण हालत न्हाई, बाबा. बसून ऱ्हातंय. बसू दे त्याला."

नरसिंगचं डोकं फिरलं. गिटारीला तारा किती हे ज्या बाईला ठाऊक नाही, तिनं आपल्याला शिकवावं? पण घरी जाऊन शब्द पुटपुटत वाजवून बघितलं, तर खरोखरच त्यात रांजण कुठे नव्हता. नुसती धावपळ होती.

पुढच्या खेपेला रांजण बसला, तर 'वाट बघतो' बिघडलं. तिथं तार ओढून सूर वर न्यायचा होता. त्यानं तो झटक्यात नेला.

"ही वाट बघणं व्हय? यष्टी आली आन् बसलास," बाई म्हणाल्या. "तारेला ओढ दे. पाऊस ओढ देतंय न्हाई का? आभाळ भरतंय, वाटतंय आता पडंल, आता पडंल. पडत न्हाई. तशी दे."

मराठवाड्याच्या माणसाला याहून सोपं करून काय सांगायचं? तरी ती ओढ बोटांत यायला वर्षं गेली. करंगळीचा उपयोग नव्हता, म्हणून उरलेली तीन बोटं एकदम लावून तो तार ओढायचा. बोटांना घट्टे पडले. ती चूक गेली की बाई नवी काढायच्या. कधी म्हणायच्या, हात कशाला थरथरवतोस, सूर थरथरू दे. कधी म्हणायच्या, मी दम घेते तवा तू बी घे, मधी मधी बोलू नको. नरसिंग घरी आला की त्याची बायको सिंधू विचारायची, "आज काय आणलाव, चूक का भाजी?" तो हसायचा, पण मनातून थकायचा. एकदा तरी बाईंनी म्हणावं, आज चूक नाही. आयुष्यात त्याचं एवढंच मागणं उरलं होतं.

मग लातूर जिल्हा झाला. पोस्टरवरचं 'जि. उस्मानाबाद' पुसून 'जि. लातूर' आलं, साहेबांच्या गाड्या वाढल्या, पाणी मात्र वाढलं नाही. काही वर्षांत पावसानं अशी ओढ दिली की गावंच्या गावं टँकरकडे डोळे लावून बसली. सुपाऱ्या आटल्या. बँजोवाला पुण्याला गेला, कोरसच्या बाया पोटामागे पांगल्या. उरलेल्यांनी अँप्लिफायर डोक्यावर घेऊन फुफाट्यातून चालायचं. नरसिंगची कंबर धरायची, आणि बाईंचा घसा. वरचा सूर आला की खोकल्याची उबळ यायची. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं. बाईंनी डॉक्टर बंद केला.

त्या वर्षी निलंग्याजवळच्या एका गावात जयंतीचा कार्यक्रम होता. बाया रिकाम्या घागरी टँकरच्या रांगेत ठेवून तशाच येऊन बसल्या होत्या. बाईंनी आईचं गाणं धरलं. 'माय गेली पाण्याला' झालं. 'वाट बघतो'ला तोंड उघडलं आणि माईकमधून नुसती हवा आली.

बाईंनी नरसिंगकडे बघितलं.

त्यानं तीन बोटांनी तार धरली आणि ओढ दिली. सूर चढता चढेना. पुढच्या बायांचे श्वास अडले. मग सूर वर पोचला, आणि रांजणाला नरसिंगनं एकच सूर लावला, खालचा, जागचा न हलणारा. समोरून शंभर बायांनी आपसूक ती ओळ म्हटली. शिट्टी पडली नाही. वन्स मोअर आला नाही.

सकाळच्या एसटीत बाईंनी त्याला बोलावलं नाही. तो आपणहून शेजारी जाऊन बसला. उदगीर मागे पडलं तरी बाई खिडकीतून वाळलेली रानं बघत होत्या.

"बाई, सांगा की."

"काय?"

"चूक."

"न्हाई रे." बसक्या घशातून शब्द जेमतेम निघत होते. "काल काईच चुकलं न्हाई. लई ग्वाड वाजिवलास."

इतकी वर्षं जे ऐकायला तो तरसला होता, ते ऐकलं आणि त्याला ते नको झालं. बाई चूक सांगायच्या ती पुढच्या कार्यक्रमासाठी.

"आसं नका करू बाई," तो म्हणाला. "हुडका. एखादी तरी असंल."

बाईंनी त्याचा घट्टे पडलेला हात हातात घेतला.

"असंल," त्या म्हणाल्या. "पर आता ती तुझी तू हुडीक."