हात वर न केलेली सकाळ

डोंगरात हरवलेल्या माणसाला शोधायच्या कामात सगळ्यात अवघड काय, असं कुणी विचारलं तर त्याला वाटतं मी चढण म्हणेन किंवा ऊन म्हणेन. मी म्हणतो, गप्प उभं राहणं. त्यावर लोक हसतात. त्यांना वाटतं चाचा थट्टा करतोय.

आमच्या गटाची पद्धत अशी आहे. अमिरातीतल्या फुजैराच्या किंवा रास अल खैमाच्या डोंगरात रांगेने चालायचं, दर पंधरा मिनिटांनी थांबायचं, तीनदा शिट्टी मारायची, हरवलेल्याला नावाने हाक मारायची आणि मग दोन मिनिटं दगड होऊन उभं राहायचं. वॉकीटॉकी बंद. पाण्याची बाटली उघडायची नाही, सॅकचा पट्टा ओढायचा नाही, खोकला आला तर गिळायचा. या दोन मिनिटांत ज्याला काही ऐकू येईल त्याने बोलायचं नाही, फक्त हात वर करायचा. खात्री असो वा नसो, हात वर. एक हात वर गेला की सगळ्यांनी त्या दिशेला जायचं, हा नियम.

आता गंमत बघा. मी या गटात आलो तो बोलायला माणसं मिळावीत म्हणून. शारजाच्या औद्योगिक भागात गाड्यांच्या सुट्या भागांच्या गोडाउनमध्ये मी एकवीस वर्षं काउंटरवर उभा आहे. दिवसभर तोंड चालू असतं, पण त्यातून निघतात ते पार्ट नंबर. राहायला दुबईच्या देरा भागात, एका खोलीत चौघे. चौघांच्या ड्युट्या वेगळ्या, त्यामुळे एक उठतो तेव्हा दुसरा झोपायला येतो आणि आमची ओळख एकमेकांच्या चपलांवरून जास्त आहे. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी कॅनडात. ‘अब्बा, ऑल गुड?’ असा तिचा मेसेज येतो, मी ‘हो बेटा, तू जेवलीस का’ असं सावकाश टाइप करून पाठवेपर्यंत ती कामाला निघालेली असते. तिची चूक नाही. पण एकटं वाटतं ते वाटतंच.

आमच्या काउंटरवर एक पेशावरचा पठाण ड्रायव्हर गाडी ओढायचे हुक घ्यायला यायचा. त्याने एकदा विचारलं, संडेला काय करतोस. मी म्हटलं, कपडे धुतो. तो म्हणाला, मग चल आमच्याबरोबर. असा मी गटात आलो. फॉर्म भरताना ‘अडचणीत कुणाला कळवायचं’ या रकान्यापाशी बराच वेळ अडलो आणि शेवटी गोडाउनचा नंबर लिहिला. आम्ही डोंगरात जातो ते रविवारी, आणि गोडाउन रविवारी बंद असतं, हे मला घरी आल्यावर सुचलं.

पहिल्याच थंडीत मी माती खाल्ली. वाट चुकलेल्या दोन पर्यटकांना शोधत होतो, दोन मिनिटांच्या शांततेत मला वरच्या बाजूने खडखड ऐकू आली आणि मी हात वर केला. आठ माणसं तासभर सरळसोट चढली. वर एक बकरी कुणीतरी टाकलेला पत्र्याचा डबा खडकावर लोळवत होती. पर्यटक त्याच वेळी खाली रस्त्याला लागले होते. आमचा प्रमुख, डोंगरातल्याच गावचा निवृत्त अरब शिक्षक, फक्त म्हणाला, “खलास, नो प्रॉब्लेम.” पण पठाण कसला सोडतो. त्या दिवसापासून मी दिसलो की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, “चाचा, आज मटण मिलेगा?” मग सगळेच विचारायला लागले. मीही हसायचो. खरं सांगायचं तर बरंही वाटायचं, कारण इतक्या वर्षांत मला कुणी चिडवलंच नव्हतं. पण आत कुठेतरी ते लागलं होतं.

गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे मेसेज आला. रुवैसच्या रिफायनरीत काम करणारा एक तरुण दोस्तांबरोबर डोंगरातल्या एका वादीत, म्हणजे कोरड्या नदीच्या पात्रात, फिरायला आला होता, शनिवारी दुपारी ‘फोटो काढून येतो’ म्हणून वळणापलीकडे गेला तो परतलाच नव्हता. पोलीस शोधत होते, हेलिकॉप्टर येणार होतं, पायी शोधायला माणसं कमी पडत होती. अंगात साधा शर्ट, जवळ एक पाण्याची बाटली. मोबाइल बंद. हा मुलगा आमच्या रायगडकडचा, श्रीवर्धनच्या बाजूचा, असं कळलं तेव्हा मी रत्नागिरीचा माणूस जरा जास्तच घाईने गाडीत बसलो.

उजाडल्यावर आम्ही चालायला सुरुवात केली. पहिल्या थांब्यावर काही नाही. दुसऱ्या थांब्यावर साधारण साडेआठ वाजले असतील. शिट्टी झाली, हाक झाली, आम्ही गप्प झालो. डावीकडे एक अरुंद घळ होती आणि तिच्यातून मला आवाज आला. टक. टक. टक. मग थोडं थांबून पुन्हा.

मी एकवीस वर्षं लोखंडात काढली आहेत. पितळ पडलं, स्टील पडलं की कास्ट आयर्न पडलं, हे मी पाठ फिरवून सांगतो. तो स्टीलचा आवाज होता, दगडावर आपटलेल्या स्टीलचा, आणि त्यात ठेका होता. बकरी ठेका धरत नाही. हे सगळं मला त्या क्षणी कळलं. माझा हात कमरेपर्यंत वर आला.

समोर पठाण उभा होता. त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतंसुद्धा. पण मला त्याच्या तोंडातलं ‘मटण’ ऐकू आलं, आठ माणसं धापा टाकत चढताना दिसली, आणि मी तो हात सॅकच्या पट्ट्यावर ठेवला. म्हटलं, आणखी एकदा येऊ दे, मग करतो. तेवढ्यात दोन मिनिटं संपली, प्रमुख म्हणाला “यल्ला”, आणि आम्ही पुढे निघालो. बुटांच्या आवाजात पुढचं काही ऐकू येणं शक्य नव्हतं.

पुढचे सगळे थांबे मी स्वतःशी वाद घालत काढले. कुणाची तरी बाटली लागली असेल. पत्र्याचाच आवाज असेल. पोलिसांनी ती बाजू बघितली असेल. माणूस स्वतःला किती कारणं देऊ शकतो, ते त्या दिवशी कळलं. मागे वळून सांगायला प्रत्येक पावलागणिक जास्त जड जात होतं, कारण आता आवाजाबरोबर उशीरही सांगावा लागणार होता.

दीड वाजता जेवायला बसलो. खबूसच्या रोट्या, ट्यूनाचा डबा, संत्री. मी माझी स्टीलची बाटली खडकावर ठेवली. टक. तोच आवाज. उठून प्रमुखाजवळ गेलो आणि सांगितलं की सकाळी दुसऱ्या थांब्यावर मी आवाज ऐकला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. किती वाजता, कुठून, एवढंच विचारलं. मग उरलेलं खबूस रुमालात गुंडाळलं आणि उठला. पठाण सगळ्यांच्या पुढे चालू लागला.

मुलगा त्या घळीतच होता. घसरून पडला होता, घोटा मोडला होता, ओठ फाटले होते. हातात रिकामी स्टीलची बाटली, तिच्या बुडाला पोचे पडलेले. आम्ही त्याला पाणी पाजलं, पायाला फळी बांधली, पोलिसांना कळवलं. मी मराठीत बोललो तसं त्याने माझं मनगट धरलं.

“सकाळी तुम्ही सगळे एकदम गप्प झालात ना चाचा,” तो म्हणाला, “तेव्हा मला वाटलं, ऐकलं. मी आणखी वाजवलं. मग तुमची पावलं लांब गेली. मी म्हटलं, झालं आता.”

मी त्याला म्हटलं, जास्त बोलू नकोस. हेलिकॉप्टर येईपर्यंत त्याने माझं मनगट सोडलं नाही. वर उचलून नेताना कुणीतरी त्याला सांगितलं की तुझा आवाज याच चाचाने ओळखला.

प्रत्येक शोधानंतर गाड्यांपाशी बसून ज्याने त्याने आपली चूक सांगायची, हीसुद्धा आमच्याकडची पद्धत. माझी पाळी आली तेव्हा मी सगळं सांगितलं, मटणाचंही. प्रमुख म्हणाला की माणूस जिवंत मिळाला, अल्हम्दुलिल्लाह, पुढच्या वेळी हात वर. पठाण जमिनीकडे बघत बसला होता. त्या दिवसापासून त्याने मला चिडवणं बंद केलं, त्यामुळे इतरांनीही केलं. आता सगळे माझ्याशी अदबीने बोलतात. त्या अदबीचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

पुढच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता मला अनोळखी नंबरवरून व्हॉट्सअॅपवर फोन आला. त्या मुलाची बायको, गावाहून. “भाई, तुमच्यामुळे माझं घर राहिलं,” असं म्हणून ती रडायलाच लागली. नवऱ्याकडून माझा नंबर घेतला होता. मी काय बोललो ते आठवत नाही. पुढच्या रविवारी पुन्हा फोन आला. मग दर रविवारी. पायाचं प्लास्टर कधी निघणार, सासूबाई माझ्यासाठी रोज दुआ करतात, यंदा सुरमई कशी महाग झाली, असलं काहीबाही ती सांगायची. लहान मुलगी फोनवर येऊन ‘हॅलो अंकल, हाउ आर यू’ म्हणायची आणि पळायची. फोन ठेवण्यापूर्वी ती न चुकता विचारायची, “भाई, जेवण नीट करता ना?”

मी त्या फोनची वाट बघायला लागलो. शनिवारपासूनच. डोंगरातून उशीर होईल असं दिसलं की जीव खालीवर व्हायचा, रस्त्यात नेटवर्क आलं की फोन बघायचो. खोलीत दुसरं कुणी झोपलेलं असलं तर गच्चीवर जाऊन बोलायचो. सात रविवार मी हे चोरून खाल्लं. चोरूनच म्हणायला हवं, कारण ती ज्या माणसाचे आभार मानत होती तो माणूस मी नव्हतो. पाच तास आधी हात वर केला असता तर असतो.

आठव्या रविवारी ती म्हणाली की नवऱ्याला आता घरी आणलंय, पण तो झोपेत दचकतो. मग म्हणाली, तुम्ही नसता तर. त्या ‘तर’पाशी माझ्याने राहवलं नाही. मी तिला सांगितलं. साडेआठला ऐकलं होतं, ओळखलंही होतं, लोक हसतील म्हणून हात वर केला नाही, दीडला सांगितलं. काही लपवलं नाही.

मी ऐकत राहिलो. तिच्यामागे कुकरची शिट्टी झाली, मुलगी काहीतरी मागत होती.

“पाच तास?” ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

“त्यांना सांगू नका, भाई. ते झोपेतून उठून हेच म्हणतात, कुणीतरी ऐकून निघून गेलं. मी म्हणते, असं कोण करेल, तुम्हाला भास झाला असेल.” ती थांबली. “मी पण नाही सांगणार. पण आता मला फोन करायला जमायचं नाही.”

मी म्हटलं, बरोबर आहे. तिने सलाम म्हटलं आणि फोन ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या शोधाला आता वर्ष होत आलं. मी अजून गटात जातो. जरासं खुट्ट झालं तरी हात वर करतो, आणि आठ माणसं निमूट माझ्यामागे चढतात. बहुतेक वेळा बकऱ्याच असतात. मागच्या रविवारी वर पोचल्यावर एक दाढीवाला बोकड आमच्याकडे टक लावून बघत होता. मी मुद्दाम पठाणाकडे पाहिलं, म्हटलं आता तरी बोलेल. त्याने मला पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, “कोई बात नहीं, चाचा.”

खोलीवर आलो तेव्हा पाच वाजायला आले होते. दोघे झोपलेले होते, म्हणून फोन घेऊन गच्चीवर गेलो. अजून जातो. तो वाजणार नाही हे मला ठाऊक आहे. दोन मिनिटं गप्प उभा राहून ऐकतो आणि मग खाली येऊन कपडे भिजत घालतो.